चौदा रुपये आणि एक आई

(चंद्रपूर येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा लेखी मजकूर)



‘आई आणि आजी’ या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी बाबा आमटे यांच्या पत्नी साधनाताई आमटे यांचं नाव कळवलं. संयोजकांपैकी एकांनी फोनवर विचारलं, “मग बाबांवरच बोला ना, ताई त्यात येतीलच.” मी म्हटलं, नाही. ताई कायम अशाच ‘त्यात’ येत राहिल्या आहेत. आजचा तास-दीड तास त्यांचा एकटीचा असू द्या.

आनंदवनाची गोष्ट सांगताना एक वाक्य हमखास येतं. १९५१ च्या जूनमध्ये बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या त्या खडकाळ माळावर राहायला गेले तेव्हा त्यांच्याजवळ काय होतं? पत्नी, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. मी शाळेत शिकवत होते. हे वाक्य मी तीसेक वर्षं मुलांना सांगितलं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो चौदा रुपयांपाशी. माझ्याही यायचा. नोकरीतून मोकळी झाले, नातवाला मांडीवर घेऊन बसायला लागले आणि एक दिवस तेच वाक्य वाचताना मी पहिल्यांदा ‘पत्नी, दोन लहान मुलं’ इथे थांबले. ही तर सामानाची यादी झाली. त्या यादीत गाय आहे, कुत्रा आहे आणि एक पंचवीस वर्षांची बाई आहे.

ती यादी आता आपण घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेनं वाचू. गाय आहे, म्हणजे पहाटे धार काढणं आलं. लंगडी आहे, म्हणजे ती लांब चरायला जाणार नाही, तिच्यापुढे चारा आणून टाकायला हवा. माळ खडकाळ, विहीर अजून खणायची आहे, म्हणजे गायीला, माणसांना, भांड्यांना लागणारं पाणी कुठून तरी डोक्यावरून यायला हवं. भोवती झुडपी जंगल, विंचू-साप, रात्री बिबट्या-वाघाचा वावर, म्हणजे अंधार पडल्यावर पोरं नजरेआड होता कामा नयेत. थोरला विकास चौथ्या वर्षात, धाकटा प्रकाश तिसऱ्यात. या वयाचं मूल जे दिसेल ते उचलतं आणि तोंडात घालतं. आणि चौदा रुपये? ते कुणाच्याही खिशात असोत, दहा तोंडांचं पोट त्यात कसं भागवायचं याचा विचार चुलीपुढे बसणारीच करते.

त्या दहांपैकी सहा माणसांच्या हातांविषयी थोडं सविस्तर सांगते. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात, त्यामुळे हातापायांची जाणीव जाते. आपण चुलीवरून पातेलं उतरवतो तेव्हा चटका बसतो आणि हात आपोआप मागे येतो. तो चटका ही देवानं दिलेली राखण आहे. ज्याच्या बोटांना जाणीव नाही तो उकळतं पातेलं तसंच धरून ठेवतो. कातडी पोळते, त्याला कळत नाही. नंतर फोड दिसला की कळतं. रात्री झोपेत उंदीर पायाचं बोट कुरतडतो आणि सकाळी रक्त पाहिल्यावर उमगतं. जखम चिघळते, हाड झडतं. ‘बोटं गळून पडतात’ असं आपण म्हणतो; ती रोगानं जेवढी जात नाहीत तेवढी अशा पोळण्या-चिघळण्यानं जातात. अशा माणसाला गरम गरम वाढून चालत नाही. वाटी फडक्यात धरली आहे की नाही, पायात वहाण आहे की नाही, रात्री पाय झाकले की नाही, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावं लागतं. तान्ह्या पोरावर लागते तशी ही नजर. दोन पोरांच्या आईकडे ती होतीच. आणखी सहांवर ती पसरली. पुढे सहाशांवर, मग हजारांवर. आनंदवन उभं राहिलं ते जसं कुदळीवर, तसंच या नजरेवर. कुदळीची छायाचित्रं आहेत.

ताईंचं माहेर नागपूरचं. घुलेशास्त्री हे वेदशास्त्राची परंपरा असलेलं घर. माहेरचं नाव इंदू, जन्म ५ मे १९२६. बाबांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ती हकिकत पुष्कळांना माहीत असेल. घरात लग्नाची धामधूम होती. बाहेर एक म्हातारी मोलकरीण कपड्यांचा ढीग धुवत होती. इंदू गर्दीतून हळूच निघाली आणि तिच्या शेजारी बसून कपडे धुवू लागली. बाबा तेव्हा दाढी-जटा वाढवून विरक्तीच्या वाटेवर होते, लग्न करायचंच नाही अशा निश्चयाचे. त्या दृश्यानं तो निश्चय मोडला. १८ डिसेंबर १९४६ ला लग्न झालं आणि इंदूची साधना झाली.

ही गोष्ट नेहमी बाबांच्या पारखीचा दाखला म्हणून सांगतात. मला त्यातली म्हातारी दिसते. तिच्या हातांना किती बरं वाटलं असेल! सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेली वीस वर्षांची मुलगी, घरात कार्य, अंगावर नवं लुगडं, आणि ती साबणाच्या पाण्यात हात घालते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाहतं आहे हेही ठाऊक नव्हतं. पुढची पासष्ट वर्षं ताईंनी जे केलं त्याचा उगम तिथे आहे. बाबांनी तो घडवला नाही. त्यांना तो दिसला, एवढंच.

लग्नानंतर वरोऱ्यात श्रमाश्रमाचं एकत्र जगणं सुरू झालं. १९४७ मध्ये विकास, १९४८ च्या डिसेंबरात प्रकाश. त्याच काळात पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण बाबांना दिसला, बाबा आधी भ्याले, मग त्या भीतीशीच त्यांनी भांडण मांडलं. १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या रोगाचं शिक्षण घ्यायला गेले. बाबांच्या निर्भयतेला असा अभ्यासाचा आधार होता. ताईंनी तो अभ्यासक्रम केला नव्हता. त्यांच्या कडेवर तान्हं मूल होतं.

आज आपल्याला माहीत आहे की हा रोग फार कमी संसर्गजन्य आहे. नॉर्वेच्या हॅन्सनला त्याचा जंतू १८७३ मध्येच सापडला होता आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची ताकद उपजतच असते. पण १९५१ साली वरोऱ्यातल्या कुठल्या आईला हे ठाऊक होतं? तेव्हा गावोगाव एकच शब्द होता, रगतपिती. तो उच्चारला की बाया पदर तोंडाला लावत. मागच्या जन्मीचं पाप, असं खात्रीनं सांगितलं जाई. अशा वेळी दोन वाढती पोरं घेऊन रुग्णांच्या वस्तीत घर थाटणं, त्यांना तिथेच खेळू देणं, तिथल्याच माणसांच्या अंगाखांद्यावर वाढू देणं, याला मी धाडस म्हणत नाही. तो शब्द छोटा पडतो. स्वतःचा जीव धोक्यात घालणारे पुष्कळ असतात. पोटच्या पोरांविषयीची भीती गिळून शांतपणे स्वयंपाकाला लागणारी आई मी दुसरी ऐकली नाही.

हे मी एवढ्या जोरानं का म्हणते, ते सांगायला घरातली एक गोष्ट उघड करावी लागेल.

माझी आजी वरोरा तालुक्यातली. ज्वारी-कापसाचं घर. आनंदवनात विहिरी झाल्या, भाजीपाला पिकू लागला, दूध निघू लागलं, तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात तो माल कुणी घेईना. रुग्णांच्या हाताला लागलेली वांगी-टमाटर घरात कोण आणणार? माझी आजी त्या न घेणाऱ्यांतली होती. आई सांगायची, आजोबांनी एकदा स्वस्त मिळाली म्हणून भाजी आणली, तर आजीनं उंबऱ्यावरच अडवलं. “तिकडली भाजी आपल्या घरात नोको आणू,” एवढंच म्हणाली आणि ती टोपली उकिरड्यावर गेली. मग १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण-तरुणी आनंदवनात आले. त्यांनी बांधकामं केली, रुग्णांबरोबर राबले आणि तिथलंच अन्न जेवले. गोरी पोरं हे खातात आणि त्यांना काही होत नाही, हे पाहून गावाचं मन हलू लागलं. आपल्याच मातीतली एक बाई तीन वर्षं आपल्या पोरांना तेच अन्न भरवत होती, ते गावाला दिसलं नव्हतं. यासाठी मी गावाला बोल लावत नाही. गाव म्हणजे माझी आजीच.

आजी फार म्हातारी झाली होती. मी नोकरीला लागले होते. एका दुपारी मी तिच्या पायाला तेल चोळत होते आणि बोलता बोलता आनंदवनाचा विषय निघाला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माह्या एका भावाले होती वं रगतपिती.” मी थक्क झाले. आम्हाला आजीचे तीनच भाऊ ठाऊक होते. हा चौथा. त्याला शेताच्या धुऱ्यावर झोपडी घालून दिली होती. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. भाकर पोचवायचं काम तिच्याकडे. “त्याले मी दुरून टाकाची वं भाकर. हातात नाही देल्ली कधी. तो म्हणे, बाई, जवळ नोको येऊ. मी येत बी नव्हती.” एका पावसाळ्यानंतर तो तिथे नव्हता. कुठे गेला, कुणी विचारलं नाही. एवढं सांगून आजीनं पाय ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून निजली. उकिरड्यावर गेलेल्या त्या टोपलीचा अर्थ मला त्या दुपारी कळला. आजीला भाजीची भीती नव्हती.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा ताईंविषयी वाचलं, त्यांचं ‘समिधा’ हे आत्मकथन पुन्हा उघडलं, तेव्हा तेव्हा मला तो धुरा आणि मधलं अंतर आठवलं. भाकर टाकणं आणि भाकर हातात देणं, या दोहोंत फार तर दहा पावलं असतात. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातल्या कुणालाही ती ओलांडता आली नाहीत.

‘समिधा’ या नावाशी माझं थोडं भांडण आहे, तेही सांगून टाकते. समिधा होमात जाते आणि राख होते. ताईंनी नम्रपणानं ते नाव घेतलं असेल. पण त्या जळून संपल्या नाहीत. नवऱ्याच्या यज्ञात विरघळून गेलेली बाई, हे चित्र आपल्या समाजाला फार सोयीचं आहे. खरं पाहिलं तर ताईंनी आपलं ते राखलं. बाबा देवपूजेतले नव्हते. ताईंनी आपली पूजा सोडली नाही, आणि बाबांनीही ती सोडायला लावली नाही. एका छपराखाली दोन श्रद्धा नांदल्या.

आनंदवनात लग्नं होऊ लागली. बरे झालेले रुग्ण, अंध, अपंग यांचे संसार उभे राहिले. आज लग्न लागणं ही आपल्याला साधी बाब वाटते. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. ते कलम निघालं २०१९ मध्ये. ताई गेल्या २०११ मध्ये. म्हणजे ज्या रोगापायी देशाचा कायदा संसार मोडायची मुभा देत होता, त्याच रोगातून उठलेल्यांचे संसार आपल्या जिल्ह्यात थाटले जात होते. अशा लग्नात वधूची आई कोण, वराची आई कोण? बहुतेकांच्या खऱ्या आया जिवंत असूनही येणार नव्हत्या. मंडपात ताई होत्या.

पोटची मुलं दोन, पण ताईंची लेकरं मोजायला बसलं तर गणती चुकते. रेणुका ही त्यांनी वाढवलेली लेक. पुढे ती विलास मनोहरांच्या बरोबरीनं हेमलकशाच्या कामात उभी राहिली. आणि प्रकाश-मंदाकिनींनी आरतीला लेक म्हणून घरात घेतलं तेव्हा ताई तिच्याही आजी झाल्या. रक्ताचं आणि मानलेलं असा फरक त्या घरात नव्हता, कारण त्या पोरांनी बालपणी तो पाहिलाच नव्हता.

आता हेमलकशाचं. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आलापल्लीहून भामरागडची वाट पावसाळ्यात केली आहे? आज डांबरी रस्ता आहे, तरी पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. रस्ते नाहीत, पूल नाहीत, वीज नाही. पावसाळ्याचे महिने बाहेरच्या जगाशी संबंध संपला. प्रकाश नागपूरला शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घेत होते, मंदाकिनी भूलतज्ज्ञ. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. ही दोघं माडिया आदिवासींच्या मुलखात झोपडीत राहायला निघाली.

आनंदवन ते हेमलकसा अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पुण्या-मुंबईच्या आईला ते फार वाटणार नाही. पण पूर आलेल्या नद्यांपलीकडचे ते अडीचशे होते. पत्र जाणार नाही, फोन तर नाहीच. सून बाळंतपणाची असेल, नातू तापानं फणफणला असेल, हिवतापाचा तो मुलूख. आनंदवनात बसलेल्या आजीला ते कळणार कधी? पाणी ओसरल्यावर. माझा मुलगा बंगळुरूला आहे. दोन दिवस त्याचा फोन आला नाही तर मला जेवण जात नाही. मी हेमलकशातल्या पावसाळ्याचा विचार करते आणि त्या आजीनं जून ते ऑक्टोबर कसा काढला असेल, याचा मला अंदाज बांधता येत नाही.

नातवंडं त्या रानात वाढली. दिगंत आणि अनिकेत माडिया मुलांच्या बरोबरीनं लोकबिरादरीच्या आश्रमशाळेत बसले. अंगणात बिबट्या, अस्वल, हरणं. इकडे आनंदवनात विकास आणि भारतीताईंची शीतल आणि कौस्तुभ. दिगंत डॉक्टर झाले आणि अनघा या डॉक्टर पत्नीसह हेमलकशालाच परतले. अनिकेत आणि समीक्षा तिथलंच काम पाहतात. शीतलही डॉक्टर होऊन आनंदवनात राबली. आज ती आपल्यात नाही. आजीच्या वाट्याला ते पाहणं आलं नाही.

आपण आई-बाप मुलांना शिकवतो ते इथून निघून जाण्यासाठी. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या हुशार मुलाची वाट नागपूरला वळते आणि तिथून पुढेच जाते. मीही माझ्या मुलाला तसंच वाढवलं, दुसरं मला सुचलं नाही. एका घरातले दोन मुलगे डॉक्टर होतात, दोन्ही सुना डॉक्टर येतात आणि चौघंही याच दोन जिल्ह्यांत राहतात, मग नातवंडंही परत येतात, हे केवळ बाबांच्या भाषणांनी झालं असेल असं मला वाटत नाही. मुलं भाषणांनी घरी परतत नाहीत. ज्या घरात जेवताना शेजारी कोण बसलंय याचा विचार करावा लागला नाही, त्या घराकडे परततात.

शेवटच्या दशकांविषयी थोडक्यात. बाबांच्या मणक्याचं दुखणं असं होतं की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. तशा स्थितीत १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो अभियान झालं. १९९० मध्ये बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला निघाले. ताई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या. नातवंडांत रमायचं वय. घर आवरून त्या निघाल्या आणि सुमारे दहा वर्षं नदीकाठी राहिल्या. ज्या माळावर चूल पेटवली होती तो आता बहरला होता. तो सोडून त्यांनी दुसरी चूल पेटवली, तीही धरणाच्या पाण्याची टांगती तलवार असलेल्या जागी. पद्मविभूषण, मॅगसेसे, टेम्पलटन हे बाबांना मिळत गेले. त्या सन्मानांत ताईंचा वाटा होता असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणते, वाटा नव्हे, निम्मं. आणि निम्म्याची नोंद कागदावर निम्मी व्हायला हवी होती.

९ फेब्रुवारी २००८ ला बाबा गेले. ९ जुलै २०११ ला, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ताई गेल्या. पावसाळा होता. आनंदवनातल्या श्रद्धावनात दोघं शेजारी शेजारी विसावली आहेत.

आता दोन विनंत्या करून थांबते.

पहिली. कुष्ठरोग गेलेला नाही. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत आजही जास्त रुग्ण सापडतात त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली आहेत. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं कळत नसेल, तर लाजू नका, लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि माणूस पूर्ण बरा होतो. वेळेत गेलात तर बोटालाही धक्का लागत नाही. घरात आजी असेल तर तिची पाठ, तिचे हात तुम्हीच बघा. ती स्वतः सांगणार नाही.

दुसरी विनंती यादीविषयी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कुणीतरी असा धुऱ्यावर गेलेला आहे. जुन्या माणसांना विचारा. ती सुरुवातीला नाही म्हणतील, थोडं थांबा, सांगतील. नाव कळलं की ते वंशावळीत लिहा. आमच्या घरी वंशावळीचा एक मोठा कागद आहे, माझ्या वडिलांच्या हातचा. आजीच्या माहेरच्या फांदीवर तीन भावांची नावं होती. मागच्या दिवाळीत मी नातवाला शेजारी बसवून चौथं लिहिलं.